पंच्याऐंशी टक्क्यांचं काय करायचं?

डिसेंबर 2016 च्या पहिल्या आठवड्यात ‘सोशल वेदर स्टेशन्स’ या फिलिपिन्समधल्या नावाजलेल्या सर्वेक्षण संस्थेची माणसं देशभरातल्या 1,500 प्रौढ नागरिकांना भेटली. राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी अमली पदार्थांविरुद्ध छेडलेल्या मोहिमेला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते आणि मेलेल्यांची संख्या हजारांच्या घरात गेली होती. मोहिमेबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला 85 टक्के लोकांनी होकार दिला. त्याच पाहणीत 78 टक्क्यांनी सांगितलं की उद्या आपण किंवा आपल्या ओळखीतलं कुणी असंच मारलं जाईल, अशी धास्ती वाटते. आणि संशयितांना जिवंत पकडणं महत्त्वाचं आहे, असं तब्बल 94 टक्के म्हणाले. त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर ‘अतिशय महत्त्वाचं’ असं होतं.

जगभर गाजला तो पहिला आकडा. दुतेर्ते यांच्या माणसांनी तो प्रत्येक टीकेवर उत्तर म्हणून फेकला. परदेशी संपादकांनी कपाळाला हात लावला आणि एका अख्ख्या देशाची नीतिमत्ता हरवल्याचा निष्कर्ष काढून टाकला. दोघांनीही बाकीच्या दोन आकड्यांकडे सोयीस्कर पाठ फिरवली. मला हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेसे वाटतात, कारण ते एकाच माणसाच्या मनातले आहेत. त्या माणसाला बंदोबस्त हवा होता, खून नको होते, आणि खून होत आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या तीन उत्तरांपैकी एक उचलून त्याला जनादेश म्हणणं ही लबाडी आहे. तसंच त्या उत्तराकडे दुर्लक्ष करून ‘लोक फसले’ म्हणणं ही आळशी समजूत आहे.

आधी लोकांनी काय पाहिलं ते बघू. मे 2016 च्या निवडणुकीत दुतेर्ते यांना सुमारे 39 टक्के मतं मिळाली. म्हणजे दर दहांपैकी सहा मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. 30 जूनला त्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मोहीम सुरू झाली. तिच्या वस्तीपातळीवरच्या भागाचं नाव ‘टोकहांग’. पोलीस आणि बरांगायचा, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डासारख्या सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकाचा, एखादा पदाधिकारी संशयिताचं दार ठोठावत आणि त्याला ‘शरण ये’ म्हणून विनवत. संशयित कोण, हे एका यादीवरून ठरे. यादी बरांगायमध्ये बने. काही ठिकाणी निनावी चिठ्ठ्या टाकायला पेट्याही ठेवल्या होत्या. काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक लोक शरण आले. त्यांनी कागदावर सही केली, शपथ घेतली, आणि कित्येक गावांत त्यांना मैदानात उभं करून झुंबा करायला लावलं गेलं. हे लिहिताना हसू येतं, पण त्या मैदानात नाचणाऱ्यांची नावं, पत्ते आणि सह्या आता सरकारदरबारी जमा होत्या.

उरलेली गोष्ट रात्री घडे. एक म्हणजे पोलिसांचा सापळा, आणि त्यानंतरचा अहवाल ठरलेला: संशयिताने प्रतिकार केला, पिस्तूल काढलं, स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. दुसरी म्हणजे मोटारसायकलवरून आलेले तोंड झाकलेले दोघे, आणि सकाळी रस्त्यात प्रेत. शेजारी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मेलेला माणूस अमली पदार्थ विकणारा असल्याचं लिहिलेलं. पोलिसी कारवाईत मेलेल्यांचा सरकारी आकडा मे 2022 अखेरपर्यंत 6,252 होता. अज्ञात मारेकऱ्यांनी मारलेले त्यात नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने जुलै 2016 ते मार्च 2019 या काळासाठी मांडलेला अंदाज 12,000 ते 30,000 असा आहे.

मग एवढं डोळ्यांदेखत होत असताना 85 टक्के समाधानी कसे?

पहिलं उत्तर शाबूचं आहे. फिलिपिन्समध्ये मेथअँफेटामाइनला शाबू म्हणतात (आपल्या उपासाच्या खिचडीशी त्याचा काही संबंध नाही). ही श्रीमंतांच्या पार्टीतली चीज नव्हे. रात्रपाळी करणारा, दोन खेपा जास्त मारू पाहणारा जीपनीचा, म्हणजे तिथल्या वडापचा, चालक, गोदीतला हमाल, कचरा वेचणारा, यांना झोप आणि भूक दोन्ही मारून जागं ठेवणारी ती पुडी आहे. तिच्यापायी घरातली भांडी विकली जातात, मुलगा आईवर हात उगारतो, गल्लीतल्या नळाशी उभं राहायला पोरी घाबरतात. ज्यांनी दुतेर्ते यांना पाठिंबा दिला त्यांच्यापैकी असंख्य लोक या पुडीच्या शेजारी राहत होते. मानवी हक्कांवर बोलणारे बहुतेक जण तिच्या शेजारी राहत नव्हते. हा फरक मान्य केल्याशिवाय या विषयावर पुढचं वाक्य लिहू नये, असं मला वाटतं.

दुसरं उत्तर त्या राज्यसंस्थेचं, जी या लोकांनी आयुष्यभर पाहिली होती. तक्रार करायला गेलेल्यालाच पोलीस उलट पैसे मागणार. खटला उभा राहिला तर वर्षानुवर्षं तारखा. 2016 साली केझॉन सिटीच्या तुरुंगाची छायाचित्रं जगभर छापून आली: 800 कैद्यांसाठी बांधलेल्या जागेत 3,800 हून अधिक माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर एकमेकांना खेटून झोपलेली. त्यांतले बहुतेक अजून दोषी ठरलेले नव्हते, खटल्याची वाट पाहत होते. अशा देशात ‘कायद्याची रीतसर प्रक्रिया’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात न्यायाचं चित्र उमटत नाही, उमटतं ते वकिलाच्या फीचं. 1986 साली मार्कोस यांची हुकूमशाही रस्त्यावर उतरून उलथवली तेव्हा लोकांना जे मिळेल असं वाटलं होतं, ते तीस वर्षांत त्याच मोजक्या घराण्यांच्या हातात राहिलं. मानवी हक्क हा त्या घराण्यांच्या भाषणांतला शब्द झाला. दुतेर्ते त्या शब्दाला शिव्या घालत तेव्हा टाळ्या पडत. त्या टाळ्या हक्कांविरुद्ध कमी आणि भाषण करणाऱ्यांविरुद्ध जास्त होत्या.

तिसरं उत्तर दावाओचं. मिंदानाओ बेटावरच्या या शहराचे दुतेर्ते दोन दशकांहून अधिक काळ महापौर होते. देशभर त्याची ख्याती ‘शिस्तीचं शहर’ अशी: सार्वजनिक ठिकाणी सिगारेट नाही, टॅक्सीवाला सुटे पैसे परत देतो, रात्री उशिरा बाई एकटी घरी जाऊ शकते. याच शहरात मारेकऱ्यांची टोळी गुन्हेगार ठरवलेल्यांना संपवत होती, असे आरोप कितीतरी वर्षं होत होते. पोलिसांच्या 2010 ते 2015 च्या आकडेवारीत मोठ्या शहरांमध्ये खुनांच्या संख्येत दावाओ पहिलं होतं. पण आकडेवारी कोण वाचतो? टॅक्सीवाल्याने परत दिलेले सुटे पैसे मात्र प्रत्येक पाहुण्याने मोजून घेतले होते.

ही तिन्ही उत्तरं खरी आहेत, पण ती मिळून ‘समाधानी’ या उत्तराचं कारण सांगतात, खुनांना मिळालेल्या मंजुरीचं नाही. प्रश्न होता सरकारच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेबद्दल. त्यात शरण येणं आलं, धाडी आल्या, गल्लीच्या तोंडाशी बसणारी पोरं गायब होणं आलं, बातम्यांत पहिल्यांदाच आपला प्रश्न दिसणं आलं. आणि पोलिसांनी मारलेलंही आलं. या सगळ्याच्या गाठोड्याला एकच गुण द्यायचे होते. गाठोडं सोडून दाखवल्याबरोबर, म्हणजे जिवंत पकडावं का असं वेगळं विचारल्याबरोबर, 94 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. लोकशाहीत 94 टक्के एकमत दुर्मिळ असतं. राष्ट्राध्यक्षांनी ते एकमत कधीही हातात घेतलं नाही. उलट सप्टेंबर 2016 मध्ये त्यांनी हिटलरचा दाखला देत, देशातल्या तीस लाख व्यसनींची कत्तल करायला आपल्याला आनंदच होईल, असं जाहीरपणे म्हटलं. नंतर माफी मागितली ती ज्यूंची.

तीस लाख हा आकडाही त्यांचाच. सरकारच्याच ‘डेंजरस ड्रग्ज बोर्डा’च्या पाहणीनुसार देशात नशा करणारे सुमारे 18 लाख होते. हाच आकडा सांगत राहिल्याबद्दल बोर्डाच्या अध्यक्षांना मे 2017 मध्ये पदावरून हटवलं गेलं. लोकमत तयार होतं ते अशा हवेत. संकट किती मोठं, हे ज्याने मोजायचं त्यालाच काढून टाकलं, की मग उपाय किती कडक हवा यावरच्या जनमताला काय अर्थ उरतो?

आता धास्तीच्या 78 टक्क्यांकडे. सर्वेक्षणाच्या बातम्यांत हा आकडा विरोधाभास म्हणून छापला जाई: लोक मोहिमेवर खूश आणि मोहिमेला भ्यालेलेही! मला यात विरोधाभास दिसत नाही. भीती हा पाठिंब्याचा एक घटकच होता. बरांगायच्या यादीत नाव कुणी घातलं हे कळायची सोय नव्हती, ते काढून घ्यायचा धड मार्ग नव्हता. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असेल, कुणाचे पैसे थकले असतील, तर तेवढंही पुरे. अशा वस्तीत एक अनोळखी माणूस कागद घेऊन दारात येतो आणि विचारतो, सरकारच्या मोहिमेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? सर्वेक्षण संस्था प्रामाणिक होती, तिची पद्धत पारदर्शक होती, यात मला शंका नाही. पण त्या वर्षी दारावर पडणारी प्रत्येक थाप कुठली आहे, हे आतल्या माणसाला आधी ठरवावं लागत होतं.

युको कासुया आणि हिरोफुमी मिवा या जपानी अभ्यासकांनी हे तपासायला एक वेगळी पद्धत वापरली. काही लोकांना चार-दोन विधानांची यादी द्यायची आणि त्यांतली कोणती पटतात हे न विचारता किती पटतात एवढंच विचारायचं. दुसऱ्या गटाच्या यादीत दुतेर्ते यांच्या पाठिंब्याचं एक विधान जास्तीचं घालायचं. दोन सरासरींतल्या फरकावरून, कुणालाही तोंडाने काही कबूल न करायला लावता, खरा पाठिंबा किती ते निघतं. या पद्धतीने मोजल्यावर दुतेर्ते यांची लोकप्रियता थेट विचारून मिळणाऱ्या आकड्यापेक्षा बरीच खाली आली. मात्र या निष्कर्षात लपून बसायचा मोह मी टाळेन. भीतीचा फुगवटा वजा केल्यावर जो पाठिंबा उरतो, तोही थोडका नव्हता. तो खरा होता, आणि आपल्याला हिशेब द्यायचा आहे तो त्याचाच.

तो हिशेब देताना जून 2017 च्या पाहणीतली एक नोंद मला सर्वांत अस्वस्थ करते. मारले जातात ते फक्त गरीब विक्रेते, या विधानाशी 60 टक्के लोक सहमत होते. पोलिसांनी मारलेल्यांपैकी अनेकांनी खरं तर प्रतिकार केलाच नव्हता, हे 54 टक्क्यांना पटत होतं. म्हणजे लोकांना माहिती नव्हती, सरकारी प्रचाराला ते भुलले होते, ही सबब संपते. पोलिसांच्या अहवालातलं ते ठरावीक वाक्य अर्ध्याहून अधिक देशाला खोटं वाटत होतं. त्याच वर्षी मे महिन्यात चीनहून आलेलं 600 किलोहून अधिक शाबू, किंमत 6.4 अब्ज पेसो, कस्टमच्या ‘ग्रीन लेन’मधून बिनतपासणी बाहेर पडून वालेन्झुएला शहरातल्या गोदामात सापडलं होतं. टनाच्या भाषेत माल आणणारे काचेच्या खोल्यांत संसदीय समितीपुढे बसले, ग्रॅमच्या भाषेत विकणारे गटारीत पडले. सप्टेंबरमध्ये ‘पल्स एशिया’ या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेने विचारलं तेव्हा बेकायदा हत्या होत आहेत असं 73 टक्के म्हणाले, आणि तरीही मोहिमेला 88 टक्क्यांचा पाठिंबा होता.

माहीत असूनही पाठिंबा, याचा अर्थ काय लावायचा? मला वाटतं, लोकांनी मनातल्या मनात एक सौदा केला होता. किंमत मोजावी लागणार हे त्यांना कळत होतं. ती आपल्या घरातून वसूल होऊ नये एवढीच त्यांची अट होती. दुतेर्ते यांना मतं देण्याचं प्रमाण तळाच्या वर्गापेक्षा वरच्या आणि मध्यम वर्गात जास्त होतं, हे निवडणुकीनंतरच्या पाहणीतच दिसलं होतं. ज्यांच्या दारात यादी घेऊन कुणी येणार नव्हतं त्यांना हा सौदा स्वस्त वाटला. तळाच्या माणसालाही तो पूर्णपणे महाग वाटला नाही, कारण त्यालाही आपल्याखाली कुणीतरी दिसत होता: ‘तो’ अ‍ॅडिक्ट, आपला मुलगा नव्हे.

हा सौदा पहिल्यांदा डळमळला तो ऑगस्ट 2017 मध्ये. मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतात पोलिसांनी एका दिवसात 32 जण मारले आणि राष्ट्राध्यक्षांनी, रोज असे 32 मारता आले तर बरं होईल, असं म्हटलं. या 32 जणांसाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. दोनच दिवसांत कालोओकान शहरात 17 वर्षांचा एक शाळकरी मुलगा मारला गेला. अहवालात नेहमीचंच: त्याने गोळी झाडली. पण बरांगायच्या सीसीटीव्हीत साध्या वेशातले पोलीस त्याला धरून ओढत नेताना दिसले. साक्षीदारांनी सांगितलं, सोडा मला, उद्या माझी परीक्षा आहे, असं तो विनवत होता. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले. चर्चच्या घंटा वाजू लागल्या. त्या तिमाहीत दुतेर्ते यांचं निव्वळ समाधान-मानांकन, म्हणजे समाधानींतून असमाधानी वजा करून येणारा आकडा, 66 वरून 48 वर आलं. सिनेटमध्ये सत्ताधारी सदस्यही बोलू लागले. नोव्हेंबर 2018 मध्ये तीन पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. इतक्या हजारो मृत्यूंनंतर पोलीस दोषी ठरण्याची ही पहिली वेळ.

त्या मुलासाठी रडणाऱ्यांच्या दुःखावर मला शंका घ्यायची नाही. पण परीक्षा असलेला मुलगा मारला गेल्यावर देश हलला आणि परीक्षा नसलेली माणसं वर्षभर मरत असताना हलला नाही, एवढं नोंदवलंच पाहिजे. हजारांच्या आकड्याने मतं बदलली नव्हती. ती बदलली ‘हा आपल्यापैकी’ असं वाटायला लावणाऱ्या चित्रफितीने. आणि काही महिन्यांत ती बरीचशी सावरलीही. आपल्यापैकी नसलेले पुन्हा मरू लागले, तसं मानांकनही चढलं. जून 2022 मध्ये पायउतार होताना या माणसाच्या कारभारावर 88 टक्के फिलिपिनो समाधानी होते.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून वाचायला बरं वाटतं. पण डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पहाटे ‘चकमकीत’ मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली होती आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळभर अभिनंदनाचा पूर आला होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, नागपूरच्या मुशीतले. त्यांच्या अहवालाने पोलिसांची कहाणी अविश्वसनीय ठरवली, मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते असं म्हटलं आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल? 2024 मध्ये बदलापूरच्या शाळकरी मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं असं सांगितलं गेलं, आणि ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत लागले. पेढे वाटले गेले. चार महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष उच्च न्यायालयापुढे ठेवला. तेव्हा फलक लागले नाहीत. गुन्हा भयंकर होता, संताप खरा होता, बदलापुरात रेल्वे रोखणाऱ्यांची एक मागणी ‘आमच्या मुलींची तक्रार पोलिसांनी वेळेवर का घेतली नाही, सांगा’ अशी होती. फलकांनी त्या मागणीचं उत्तर दिलं नाही. त्यांनी मागणीच बदलून टाकली.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर आपल्याकडे याहून वेगळं काही घडलं होतं, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. त्या काळचे लोक सांगतील, भीती काय थोडी होती? कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, झोपडपट्टीतली मुलं, सगळे तिच्यात ओढले जात होते. 1985 साली केंद्राने अमली पदार्थांविरुद्ध एनडीपीएस कायदा केला, चार वर्षांनी काही गुन्ह्यांत पुनरावृत्ती झाल्यास फाशी सक्तीची केली. कडकपणाची हौस आपल्यालाही होतीच. पण त्याच सुमारास अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांच्या जगात जाऊन त्यांच्याविषयी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि 1986 मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांच्या लेखांनी वाचकाला धास्तीच्या जागी एक चेहरा दिला. हा माणूस आजारी आहे, त्याची बायको आहे, तो सुटण्याची धडपड करतो आणि परत घसरतो, परत येतो. भीती तीच होती, पण तिला बोट दाखवायला कुणीतरी वेगळी दिशा दिली. मराठी मध्यमवर्ग त्या क्षणी स्वभावाने फिलिपिनो मध्यमवर्गापेक्षा दयाळू होता, असं मी म्हणणार नाही. आपल्या नशिबाने तेव्हा भोंगा दुसऱ्याच्या हातात होता, एवढंच.

आणि सक्तीच्या फाशीचं काय झालं? 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच ती सक्ती घटनेच्या 21 व्या कलमाशी विसंगत ठरवली, पुढे 2014 मध्ये संसदेने कायदाही बदलला. या निकालाविषयी जनमत चाचणी घेतली असती तर न्यायालय वाईट हरलं असतं.

फिलिपिन्समध्येही उपचाराची वाट होती, सरकारने तिचा देखावा केला. नुएव्हा एसिहा प्रांतातल्या लष्करी तळावर एका चिनी उद्योगपतीच्या पैशातून 10,000 खाटांचं प्रचंड पुनर्वसन केंद्र नोव्हेंबर 2016 मध्ये थाटात उघडलं. बहुतेक खाटा रिकाम्याच राहिल्या. हे केंद्र चूक होती, छोटी केंद्रं गावोगाव हवी होती, असं ‘डेंजरस ड्रग्ज बोर्डा’चे नवे प्रमुख डायोनिसिओ सांतियागो बोलून गेले आणि त्यांनाही खुर्ची सोडावी लागली. एकाच बोर्डाचे दोन प्रमुख एकाच वर्षात खरं बोलल्यामुळे गेले.

दुतेर्ते यांना दोष देणारे नेहमी म्हणतात की ते लोकभावनेवर स्वार झाले. माझा आक्षेप याच्या उलट आहे. त्यांनी लोकभावना नीट ऐकलीच नाही. पोलीस वेळेवर यावेत, खटला लवकर चालावा, पोरगा सुटावा, मोठे मासे पकडावेत, संशयित जिवंत हाती लागावा, हे लोक सांगत होते. यातली प्रत्येक गोष्ट अवघड, खर्चिक, वर्षानुवर्षं चालणारी. मारणं स्वस्त होतं. लोकांच्या मागणीतला जो भाग स्वस्तात पुरवता येत होता तेवढा पुरवला आणि बाकीची मागणी ऐकूच आली नाही, असा बहाणा केला. थायलंडमध्ये तेव्हाचे पंतप्रधान थाकसिन शिनावात यांनी 2003 साली तीन महिन्यांत हेच केलं होतं: प्रांतागणिक याद्या, अधिकाऱ्यांना मुदती, दोन हजारांहून अधिक मृत्यू, तुफान लोकप्रियता, दोन वर्षांनी निवडणुकीत प्रचंड विजय. नंतरच्या चौकशीत मेलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांचा अमली पदार्थांशी संबंधच सापडला नाही. याबा, म्हणजे मेथअँफेटामाइनच्या गोळ्या, आजही थायलंडमध्ये मिळतात, तेव्हापेक्षा स्वस्त.

मनिलाच्या सार्वजनिक दफनभूमीत गरिबांची थडगी साधारण पाच वर्षांच्या भाड्याने मिळतात. भाडं संपल्यावर सांगाडे बाहेर काढावे लागतात. स्वतः एकेकाळी नशेच्या आहारी गेलेले फादर फ्लावी विलानुएवा यांनी मोहिमेत मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत म्हणून त्यांचे सांगाडे काढून न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. राकेल फोर्तुन यांच्याकडे नेले. काहींच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियासारखी नैसर्गिक कारणं लिहिली होती, आणि कवटीत गोळीचं भोक होतं. म्हणजे सरकारी आकड्याबाहेर, संशयितांच्या आकड्याबाहेर, कुठल्याच आकड्यात नसलेलीही माणसं होती. त्यांच्याविषयी जनमत विचारणार तरी कसं?

मार्च 2025 मध्ये हाँगकाँगहून परतणाऱ्या दुतेर्ते यांना मनिला विमानतळावर अटक झाली आणि त्यांना द हेगला नेण्यात आलं. त्याच्या महिनाभर आधी झालेल्या पाहणीत, हत्यांबद्दल त्यांना जबाबदार धरलं पाहिजे असं 51 टक्के फिलिपिनो म्हणाले होते. मे महिन्यात दावाओच्या मतदारांनी त्यांना कोठडीत असताना महापौर म्हणून भरघोस मतांनी निवडून दिलं, आणि मोहिमेच्या काळातले पोलीसप्रमुख रोनाल्ड देला रोसा सिनेटवर पुन्हा गेले. पाहणी आणि मतपेटी, या दोन निकालांतला कुठला खरा, असं मला आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, दोन्ही. महाराष्ट्रात एखादा मंत्री उद्या मेफेड्रोनच्या कारखान्याची बातमी हातात धरून ‘जनतेला कडक कारवाई हवी आहे’ म्हणेल, तेव्हा जनतेला ती खरोखरच हवी असेल. त्याला विचारायचं ते एवढंच: यादी कोण करणार, तीत माझं नाव चुकून आलं तर ते कुणापुढे जाऊन काढून घ्यायचं, आणि त्या माणसाच्या कचेरीची वेळ काय?